कोऱ्या शेतावरची रेघ

रेणू सासूबाईंना घेऊन जायला आली होती, आणि सासूबाईंनी बॅग भरायला सुरुवातही केलेली नव्हती.

सकाळी अ‍ॅशबर्नच्या आपल्या घरून निघून, मेरीलँड ओलांडून, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतून वळणं घेत ती स्टेट कॉलेजच्या पलीकडच्या खोऱ्यात पोचली तेव्हा दुपार कलली होती. गुरुवार होता. शुक्रवारी संध्याकाळपासून बर्फ पडणार असं जो तो सांगत होता. नोव्हेंबर अजून अर्धाही सरला नव्हता, म्हणजे नेहमीपेक्षा बराच आधी. तिच्या नवऱ्याने, कुशने, आठवडाभर एकच धोशा लावला होता, की बर्फ पडायच्या आत आईला इकडे आणायचं. त्याला स्वतःला हलता येत नव्हतं. तो काम करायचा त्या डेटा सेंटरमध्ये मोठं मायग्रेशन, सगळा डेटा नव्या यंत्रणेवर हलवायचं काम, चालू होतं. रेणूचं काम लॅपटॉपवर कुठूनही चालायचं, म्हणून ती निघाली.

कुशची काळजी खोटी नव्हती. पद्मिनीबाई एकाहत्तर वर्षांच्या. रेणूचे सासरे, देवदत्त, सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्या घरात एकट्याच. घर गावाबाहेर, मागे मोठं शेत, शेतापलीकडे शेजारणीचं घर आणि त्यामागे डोंगर. गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा गुडघा इतका दुखायला लागला की पायरी उतरणं मुश्कील झालं. त्यात एकदा वीज गेली आणि दोन दिवस आलीच नाही. एप्रिलमध्ये गुडघा बदलला. आता हा हिवाळा अ‍ॅशबर्नला काढायचा असं कुशने ठरवून टाकलं. पद्मिनीबाई फोनवर ‘बघू’ म्हणाल्या. अमेरिकेत जन्मलेल्या कुशने ‘बघू’चा अर्थ होकार असा लावला. नागपुरात वाढलेल्या रेणूला त्या ‘बघू’ची तेव्हाच शंका आली होती.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच तिला तापलेल्या मेणाचा वास आला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली होती, त्यांवर दोन लांब, अरुंद स्की पालथ्या घातल्या होत्या, आणि पद्मिनीबाई एका जुनाट इस्त्रीने त्यांच्या तळव्यांवर मेण पसरत होत्या. कमरेला पदर खोचावा तसा स्वेटर खोचलेला.

“ये गं,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “चहा झालाय, ओतून घे. माझे हात मेणाचे आहेत.”

“आई, हे काय चाललंय?”

“मेण लावतेय. उन्हाळाभर पडून होत्या, कोरड्या पडल्या.”

“पण कुणासाठी?”

पद्मिनीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “घरात आणखी कोण आहे?”

रेणूने चहा ओतला आणि खुर्चीत बसली. डोंगरावरून भन्नाट वेगाने घसरत येणाऱ्या स्की या नव्हेत, सपाट शेतातून पाय सरकवत चालायच्या आहेत, एवढं तिला ठाऊक होतं. तरी गुडघा गुडघाच.

“डॉक्टरांना विचारलंय,” पद्मिनीबाई म्हणाल्या, जणू तिच्या मनातलं त्यांना ऐकू आलं. “सपाटीवर चालेल म्हणाले. आधी पायात ताकद आणा म्हणाले. मग आणली. रोज टेकडीपर्यंत जाऊन येते. दात घासताना एका पायावर उभी राहते. तळघरात ती सायकल आहे ना, कुशची, तिच्यावर भजनं लावून बसते.”

“कुशला माहितीये हे?”

“तो विचारतो, गुडघा कसा आहे. मी म्हणते, बरा आहे. बरा आहेच की.” त्यांनी इस्त्री उभी केली. “तुझ्याबरोबर येणार नाही असं मी म्हटलेलं नाही, रेणू. एक बर्फ पडू दे. मग बोलू.”

---

शुक्रवारी सकाळी निघायचं असा रेणूचा बेत होता. पण सकाळी पद्मिनीबाई अंगणात उभ्या राहून आकाशाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की रेणूने गाडीची किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली. आकाश मळकट पांढरं होतं, वारा अजिबात नव्हता. कुंपणाखाली करड्या पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या छोट्या चिमण्या टिपत होत्या.

“या उत्तरेकडून येतात,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “या आल्या की आठवडाभरात बर्फ पडतो. डोरोथीचा विश्वास सुरवंटांवर, माझा यांच्यावर.”

डोरोथी म्हणजे शेतापलीकडची शेजारीण. एकोणऐंशी वर्षांची. तिच्या नवऱ्याची इथे दुधाची गुरं होती. तो गेला, गुरं गेली, शेत दुसरा कुणी कसतो, पण घर तिने सोडलं नाही. रेणूने तिला फक्त लग्नात पाहिलं होतं, निळ्या फ्रॉकमधली उंच, हडकुळी बाई, जिने जिलेबी तीनदा मागून घेतली होती.

“वास येतोय का तुला?” पद्मिनीबाईंनी विचारलं.

“कसला?”

“बर्फाचा.”

रेणूने नाकाने श्वास ओढला. थंडीने नाक झिणझिणलं. ओल्या पानांचा आणि कुणाच्या तरी धुरांड्याचा वास आला, बाकी काही नाही. तिच्यासाठी बर्फ म्हणजे अ‍ॅशबर्नच्या पार्किंगमधला राखाडी चिखल आणि गाडीच्या काचेवरून खरवडायचा थर. चार हिवाळे तिने ओठ आवळून काढले होते. नागपूरच्या माणसाला उन्हाळा कितीही द्या, तो कूलर लावून सोसेल, पण हे सोसायचं कशाने, हा तिचा दरवर्षीचा प्रश्न.

ती आत गेली आणि तिने कुशला फोन लावला.

“आपण उद्या निघू,” ती म्हणाली. “किंवा परवा.”

“रेणू, दॅट्स द होल पॉइंट. स्नोच्या आधी.”

“मला कळतंय. पण आई आत्ता हलणार नाहीत आणि मी त्यांना एकटं टाकून येणार नाही. मग राहिलं काय?”

“ओके,” तो शेवटी म्हणाला. “बाथटबमध्ये पाणी भरून ठेवा. वीज गेली की विहिरीचा पंप बंद होतो.”

टब आधीच भरलेला होता. बादल्याही भरल्या होत्या. टॉर्च, मेणबत्त्या, काड्यापेटी ओट्यावर हाताशी लावून ठेवलेली. दुपारी दोघींनी मिळून शेडमधली लाकडं मागच्या ओसरीत आणली. शिकारीचे दिवस असल्याने पद्मिनीबाईंनी आधी तिला एक भडक नारिंगी जाकीट घालायला लावलं. “हरीण समजून कुणी गोळी घालायला नको. कुशला काय सांगू मी?” लाकूड कसं रचायचं, साल वर की खाली, कुठलं आधी जाळायचं, हे त्या सांगत गेल्या, आणि सांगता सांगता गोष्टी निघाल्या.

त्यांचं मराठी रेणूला फार आवडायचं. सत्तरच्या दशकात सांगली सोडताना जे बरोबर आणलं तेच त्यांनी जपून वापरलं होतं. रेणूच्या आईच्या तोंडातूनही गेलेले शब्द पद्मिनीबाईंच्या बोलण्यात सहज यायचे.

“मी इथे आले तेव्हा असाच नोव्हेंबर होता,” त्या म्हणाल्या. “विद्यापीठाचं एक खोलीचं घर, दुसऱ्या मजल्यावर. हे मला रोज सांगायचे, बर्फ डिसेंबरात पडेल, मी तुला दाखवीन. यांना फार हौस होती दाखवायची. एक दिवस हे कॉलेजात गेलेले, मी बाल्कनीत पातळ वाळत घालतेय, तर पातळावर पांढरं काहीतरी पडायला लागलं. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी कापूस पिंजतंय. वर बघते तर आभाळच पिंजतंय. तशीच खाली धावले, पायात चपला.”

“चपला?”

“मग काय. उभी राहिले तोंड वर करून. थोड्या वेळाने हे धापा टाकत आले. लेक्चर सोडून पळत आलेले, मला दाखवायला. मी आधीच उभी बघून इतका चेहरा पडला यांचा. त्यानंतर चाळीस वर्षं हे दरवर्षी थाप मारायचे, मी आधी पाहिला, तू झोपली होतीस.”

लाकडाचा शेवटचा ओंडका ठेवून त्या जरा टेकल्या. हिरमुसलेले, चष्म्यावर बर्फ साचलेले तरुण देवदत्त रेणूच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लग्नाआधीच ते गेले होते.

“आणि एकदा ऑक्टोबरातच पडला,” पद्मिनीबाई पुढे म्हणाल्या. “दिवाळी नुकतीच झालेली. झाडांवर सगळी पानं तशीच, लाल-पिवळी. पानांवर बर्फ बसला की फांद्यांना भार पेलत नाही. सगळीकडे कडाड कडाड. वीज गेली ती चार दिवस. आपल्याकडे गॅसची शेगडी, म्हणून आळीतले सगळे आपल्या स्वयंपाकघरात. मी रोज मोठं पातेलंभर खिचडी टाकायची. डोरोथीने चकलीचा डबा एकटीने संपवला. बाहेर पाहशील तर लाल पानांवर पांढरा बर्फ. इतकं देखणं मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि इतकं नुकसान करणारंही.”

“स्की तुम्हाला बाबांनी शिकवलं?”

पद्मिनीबाई हसल्या. “हे? यांना घसरायची भयंकर भीती. ते बर्फावर चालायचे रुंद जाळीचे जोडे घालायचे, बदकासारखे. डोरोथीने शिकवलं मला. हे कुंपणाशी थर्मास घेऊन उभे.”

शेतापलीकडच्या घराच्या धुरांड्यातून धूर सरळ वर जात होता. थोड्या वेळाने त्या तिकडेच बघत म्हणाल्या, “हे गेले तो नोव्हेंबरचा शेवट होता. लोक येऊन गेले, कुश राहून गेला. त्यानंतर मी घराबाहेर पडेचना. पडदेही उघडत नसे. एक दिवस मागच्या दारावर टकटक. डोरोथी. स्की घातलेली, शेतातून आलेली. काही बोलली नाही गं. सांत्वन नाही, काही नाही. माझ्या स्की शेडमधून काढल्या, दारात आडव्या ठेवल्या आणि वाट बघत उभी राहिली. कडाक्याची थंडी. मला वाटलं जाईल कंटाळून. गेली नाही. शेवटी माझी मलाच लाज वाटली. बूट घातले.”

एवढं बोलून त्यांनी हातमोजे झटकले आणि चहा टाकायला आत गेल्या.

---

बर्फ संध्याकाळी सुरू झाला. आधी पावसात मिसळून, मग मोठमोठे, ओले, जड पुंजके. ओकच्या झाडांवर अजून तांबूस पानं होती. अंधार पडेपर्यंत ती वाकली, जेवणाच्या वेळी वीज गेली, आणि त्यानंतर मधूनमधून फांद्या मोडल्याचे आवाज येत राहिले. फोनची रेंजही गेली. लाकडाच्या शेगडीजवळ गाद्या ओढून दोघी झोपल्या. पद्मिनीबाई तर गाढ झोपल्या. रेणूला वाटलं होतं आपल्याला भीती वाटेल. पण शेजारी इतकं निवांत घोरणारं माणूस असल्यावर घाबरायला सवडच मिळाली नाही.

सकाळी तिला जाग आली ती उजेडाने. खोलीभर असा उजेड होता, की छताला कुणी चुना लावून गेलंय असं वाटावं. ती खिडकीशी गेली. शेत नव्हतं. बांध, कापलेल्या मक्याची खुंटं, काही नव्हतं. दारापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एकच पांढरी सपाटी, तिच्यावर कुठे एक पाऊलही नाही. पहाटे गारठा वाढून आकाश निवळलं होतं, आणि उन्हात वरचा थर लखलखत होता. अ‍ॅशबर्नच्या पार्किंगमधला आणि हा बर्फ एकच, हे तिला पटेना. किती वेळ ती तशीच अनवाणी उभी राहिली.

“धूर नाही,” मागून पद्मिनीबाई म्हणाल्या.

“काय?”

“डोरोथीच्या धुरांड्यातून. या वेळेला तिची शेगडी पेटलेली असते. वीज नाही म्हणजे घरात दुसरी ऊब नाही.”

शेतापलीकडचं घर स्वच्छ दिसत होतं. धुरांडं गप्प होतं. रेणूने फोन पाहिला, रेंज नव्हती. ती पुढच्या दारी गेली. गाडी बर्फाखाली गडप झालेली, आणि पलीकडे रस्त्यावर एक भलंमोठं मेपल आडवं, त्याच्याबरोबर विजेची तारही. गाडीने जायचा प्रश्नच मिटला.

ती परत आली तोवर पद्मिनीबाईंनी लोकरी पायमोजे चढवले होते आणि बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

“आई, मी जाते,” रेणू म्हणाली.

“तू कशी जाशील? कमरेएवढी रुतशील मधल्या घळीत. घळ कुठे आहे तेही आता दिसत नाही. मला माहितीये.”

“आणि तुम्ही पडलात तर? सहा-सात महिने झालेत ऑपरेशनला. कुश मला—”

“रेणू.” आवाज मऊ होता पण त्यात पुढे बोलायला जागा नव्हती. “ती एकोणऐंशीची आहे. एकटी आहे. आणि तिच्यापर्यंत जाता येईल असं या खोऱ्यात आज दुसरं कुणी नाही. पडले तर उठेन. पडून उठायचं कसं, तेच तिने मला आधी शिकवलं होतं.”

रेणूने एक क्षण विचार केला. मग म्हणाली, “बाबांचे ते जाळीचे जोडे कुठेयत?”

पद्मिनीबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “शेडमध्ये. खुंटीला.”

त्यांनी पाठपिशवीत गरम पाण्याचा थर्मास, कांबळं आणि औषधांची पेटी भरली. पिशवी रेणूने घेतली. ओसरीच्या पायरीवर बसून पद्मिनीबाईंनी स्की अडकवल्या, दोन्ही काठ्या रोवल्या आणि उभ्या राहिल्या. उजवा पाय क्षणभर थरथरला. त्या थांबल्या, पायाला जणू वेळ दिला, आणि मग निघाल्या.

पहिली काही पावलं अडखळती होती. मग काहीतरी बदललं, आणि ते कुठल्या पावलाला बदललं हे रेणूला पुढे कधी सांगता आलं नाही. डावी काठी, उजवा पाय, उजवी काठी, डावा पाय. जिना उतरताना कठडा धरणाऱ्या, खुर्चीतून उठताना ‘अगं आई’ म्हणणाऱ्या बाई बघता बघता लांब, सैल ढांगा टाकत सरकू लागल्या. सर्र, सर्र, एवढाच आवाज. त्यांच्या मागे दोन सरळ खाचा उमटत होत्या, आणि खोऱ्यात त्याशिवाय काही हलत नव्हतं. रेणू बदकासारखी फेंगडत मागून येत होती, घामाघूम होत होती, आणि तिची नजर त्या पाठीवरून हलत नव्हती. हे असं चालणं शिकायला किती हिवाळे लागले असतील, आणि हा एक हिवाळा परत मिळावा म्हणून किती सकाळी एका पायावर उभं राहावं लागलं असेल.

घळीच्या उतारावर त्या पडल्या.

रेणू धावायला गेली आणि स्वतःच गुडघ्यांवर कोसळली. वर पाहिलं तर पद्मिनीबाई पाठीवर उताण्या, दोन्ही स्की हवेत. त्यांनी शांतपणे त्या एका बाजूला घेतल्या, उताराला आडव्या लावल्या, कुशीवर वळल्या, आधी चांगल्या पायावर भार दिला, काठ्यांवर हात रोवले आणि उठल्या. अंगावरचा बर्फ झटकला.

“बघितलंस?” त्या म्हणाल्या. “आता तू उठ.”

घळ ओलांडून त्या वर आल्या तेव्हा पद्मिनीबाई एकदम थांबल्या. समोरून, उन्हातून, एक उंच, हडकुळी आकृती स्कीवर येत होती. नारिंगी टोपी, पाठीवर पिशवी, संथ पण नेमकी चाल.

मधोमध, दोन्ही घरांपासून सारख्याच लांब, त्या समोरासमोर आल्या.

“तुझी शेगडी का पेटली नाही?” पद्मिनीबाईंनी इंग्रजीत विचारलं. आवाज चिडलेला होता, आणि तो चिडलेला का आहे हे रेणूला कळत होतं.

डोरोथी पद्मिनीबाईंच्या पायांकडे बघत होती. स्कीकडे, मग उजव्या गुडघ्याकडे, मग मागे दूरवर गेलेल्या त्या दोन खाचांकडे. तिने एक हातमोजा काढला आणि डोळे पुसले.

“तू येणार नाहीस असं मला वाटलं होतं,” ती म्हणाली. “या वर्षी तर नाहीच. कदाचित कधीच नाही. तू खिडकीतून बघशील आणि शेत रिकामं दिसेल, ते मला बरं वाटेना. म्हणून म्हटलं, उठल्याबरोबर जावं, तुझ्या खिडकीखालून एक मोठी फेरी मारून यावं. रेघ तरी दिसेल तुला. शेगडी पेटवायला थांबले असते तर तू उठली असतीस.”

दोघी स्कीवर असल्यामुळे त्यांना धड मिठीही मारता येईना. टोकं एकमेकींत अडकायची. शेवटी पद्मिनीबाईंनी काठी काखेत धरून डोरोथीचा उघडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळून गरम केला, मग तिचा हातमोजा तिला लहान मुलाला घालावा तसा घातला.

रेणू थोडी मागे उभी होती. डोळ्यांतलं पाणी गालावर गार होत होतं आणि ते पुसावंसं तिला वाटलं नाही. आपण इथे एका म्हाताऱ्या बाईची सुटका करायला आलो होतो, हे तिला आठवलं, आणि मनातल्या मनात तिने तो शब्द मागे घेतला.

“ही कोण, सून ना?” डोरोथीने विचारलं. “देवचे जोडे घातलेत हिने. तो असाच चालायचा.”

---

तिघी पद्मिनीबाईंच्या घरी आल्या, कारण तिथली शेगडी पेटलेली होती. तिच्यावर जाड बुडाच्या पातेल्यात खिचडी शिजली. तूप सढळ हाताने पडलं. डोरोथीने लोणचं मागून घेतलं. ती दोन रात्री तिथेच राहिली. दिवसा दोघी म्हाताऱ्या शेतातून फेऱ्या मारत, आणि रेणू कुंपणाशी उभी राहून त्यांना न्याहाळत असे. रविवारी सकाळी रेंज आली आणि पाठोपाठ कुशचा फोन.

“तुम्ही ठीक आहात ना? आय वॉज गोइंग क्रेझी. कधी निघताय?”

“मी उद्या निघते,” रेणू म्हणाली. “रस्ता मोकळा होतोय. आई येणार नाहीत.”

“रेणू—”

“आधी ऐक.” आणि तिने त्याला सगळं सांगितलं. दात घासताना एका पायावर उभं राहणं, तळघरातली सायकल, घळ, पडणं आणि उठणं. शेताच्या मध्यावर काय झालं तेही. “कुश, त्यांना तिथे आणून आपण बसवणार कुठे? पार्किंगकडे तोंड करून? त्यांचा हिवाळा इथे आहे. आपल्याला काळजी वाटते ना, मग काळजीचं काहीतरी करू. जनरेटर बसवू. डोरोथीच्या घरालाही. आणि महिन्यातून एक वीकेंड आपण येऊ.”

“ती खरंच पूर्ण शेत क्रॉस करून गेली?” कुशने विचारलं. त्याचं मराठी एकदम लहानपणचं झालं होतं.

“सकाळी अर्धं, उरलेलं अर्धं डोरोथी आली. आणि काल दुपारी पूर्ण, दोनदा.”

“तू चिडली नाहीस?”

“चिडले होते ना. मग बघत राहिले.”

तो नाक ओढत हसला. “जनरेटरचं मी बघतो. आईला दे फोन.”

माय-लेकरं काय बोलली ते रेणूने ऐकलं नाही. पद्मिनीबाई फोन घेऊन खिडकीशी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा प्रसन्न. “थँक्सगिव्हिंगला मी येते तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “चार दिवस. डोरोथीलाही आणीन. पण तू आत्ता बूट घाल. उद्या जाणार आहेस, मग केव्हा शिकणार?”

डोरोथीच्या जुन्या स्की रेणूला थोड्या लांब होत्या. दुपारचं ऊन पडलं होतं, ओकची पानं टपटप ठिबकत होती, डोंगरावर निळसर सावल्या उतरल्या होत्या. पद्मिनीबाई एका बाजूला, डोरोथी दुसऱ्या बाजूला. एक मराठीत सांगत होती, एक इंग्रजीत, आणि दोघींच्या सूचना एकमेकींशी जुळत नव्हत्या. रेणूने डावा पाय सरकवला, मग उजवा. तिसऱ्या पावलाला दोन्ही पाय दोन दिशांना निघाले आणि ती सपशेल आडवी झाली.

“गुडघे फार सरळ ठेवते ती,” डोरोथी वरून म्हणाली.

“गुडघे ठीक आहेत, काठ्या उशिरा टाकते,” पद्मिनीबाई म्हणाल्या.

त्यांचा वाद रंगला. रेणू पाठीवर पडून राहिली. बर्फ मानेपाशी कॉलरमधून आत शिरत होता, आकाश प्रचंड निळं होतं. तिने नाकाने खोल श्वास घेतला आणि उठायची अजिबात घाई केली नाही.